बांबूच्या काड्यांवर मोजलेलं जंगल

स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत असाल तर हे नाव तुम्ही पाठ केलेलं असणार. भारताचा पहिला वन महानिरीक्षक कोण? डीट्रिख ब्रँडिस. एक मार्क खिशात, पुढचा प्रश्न. पण जरा थांबा. या एका मार्काच्या मागे एक भन्नाट आयुष्य आहे, आणि त्याचा हिशोब आजही मिटलेला नाही.

चंद्रपूर-बल्लारपूरकडे एसटीने गेलात तर खिडकीतून नीट बघा. काही ठिकाणी जंगल एकदम शिस्तीत उभं राहिलेलं दिसतं. सगळी झाडं सागाची, जवळपास एकाच वयाची, प्रार्थनेला उभी केल्यासारखी रांगेत. ही लागवड आहे. आपल्या राज्याचं वनविकास महामंडळ 1974 पासून हेच काम करतंय. रोपं लावायची, विरळणी करायची आणि ठरलेल्या वर्षी लाकूड काढायचं. कुठलं झाड कधी पडेल हे आधी केलेला आराखडा ठरवतो. आधी मोजायचं आणि मग तोडायचं, ही सवय आपल्याकडच्या सरकारी कारभाराला लागली ती बरीचशी ब्रँडिसमुळे.

तो जन्मला जर्मनीत, बॉन शहरात, 1824 साली. वडील तत्त्वज्ञानाचे अभ्यासक. ग्रीसच्या राजाचे सल्लागार म्हणून ते अथेन्सला गेले, तेव्हा पोरगाही सोबत होता. पुढे त्याने वनस्पतीशास्त्रात डॉक्टरेट मिळवली आणि बॉन विद्यापीठात शिकवायला लागला. म्हणजे सगळं सुरळीत, चाकोरीतलं. मग 1854 मध्ये त्याने रेचेल मार्शमन हिच्याशी लग्न केलं. ती बंगालमधल्या सेरामपूरच्या मिशनऱ्याची मुलगी. तिच्या बहिणीचा नवरा हेन्री हॅवलॉक हा ब्रिटिश फौजेतला मोठा अधिकारी. या नात्यातून ब्रँडिसचं नाव गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसीपर्यंत पोचलं आणि 1856 च्या सुरुवातीला आपला 31 वर्षांचा प्राध्यापक थेट ब्रह्मदेशात, पेगूच्या सागवनात हजर झाला.

डलहौसीला एवढी घाई का होती? कारण लाकूड. जहाजांना साग लागत होता. आपल्याकडे 1853 मध्ये मुंबई-ठाणे रेल्वे धावली होती आणि पुढे रुळ जसे पसरत गेले तशी स्लीपरची भूक वाढत गेली. एका मैलाला सुमारे 2,000 लाकडी स्लीपर, आणि तेही काही वर्षांत कुजणार. पेगू ब्रिटिशांनी 1852 मध्ये जिंकून घेतलं होतं. तिथला साग सरकारी मालकीचा, असं जाहीरही झालं होतं. पण या जंगलात झाडं नेमकी किती आहेत, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. व्यापारी मात्र सुटले होते. मिळेल ते झाड पाडायचं, नदीत सोडायचं, बंदरावर विकायचं.

ब्रँडिसने आधी मोजणी काढली. आता डोळ्यांसमोर आणा. ना ड्रोन, ना जीपीएस, धड नकाशाही नाही. पावसाळ्यात हवा इतकी दमट की कागद टिकेना. हा माणूस हत्तीवर बसून डोंगरधारांवरून जायचा. एका हातात बांबूच्या काड्या, दुसऱ्या हातात चाकू. सागाचं झाड दिसलं की त्याच्या घेराचा अंदाज घ्यायचा आणि त्या त्या गटाच्या काडीवर एक खाच मारायची. दिवस संपला की खाचा मोजायच्या. अंगात मलेरिया होता, तरी मोजणी थांबली नाही. आपण आज ज्याला सॅम्पल सर्व्हे म्हणतो, तो त्याने बांबूच्या काड्यांवर केला.

त्या खाचांमधून नियम निघाले. ज्याचा घेर किमान 6 फूट आहे तेच झाड तोडायचं. एका वर्षात मध्यम झाडांपैकी जितकी मोठ्या गटात येतील, साधारण तितकीच मोठी काढायची. थोडक्यात, मुद्दल तसंच ठेवा आणि व्याजावर जगा. साग तोडण्याआधी त्याची साल गोल कापून तो उभाच वाळवावा लागतो, नाहीतर ओलं लाकूड पाण्यात बुडतं. कुठल्या झाडाची साल कापायची हे आता व्यापारी नाही, तर वनखात्याची माणसं ठरवणार होती. लाकूड व्यापारी खवळले, तक्रारी वर गेल्या. पण ब्रँडिस हलला नाही.

दुसरी गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे. डोंगरातले करेन लोक जंगलाचा तुकडा साफ करून, जाळून त्यात भात पेरायचे आणि नंतर पुढच्या तुकड्याकडे जायचे. ब्रँडिसने त्यांना सांगितलं, भाताच्या मधे सागही लावा. भाताची निंदणी करताना सागाचीही होईल, जगलेल्या रोपांचे पैसे सरकार देईल. ही टोंग्या पद्धत. सरकारला स्वस्तात सागाची लागवड मिळाली आणि ही पद्धत पुढे बऱ्याच देशांत गेली. पण करेन माणूस फिरून त्या जागी यायचा तेव्हा तिथे त्याचं शेत राहिलेलं नसायचं. तिथे सरकारचा साग उभा असायचा. सुरुवातीला अनेक गावं तयार नव्हती, ती उगाच नाही.

पुढे त्याला भारतात बोलावलं. 1864 मध्ये वनविभाग उभा राहिला आणि ब्रँडिस पहिला महानिरीक्षक झाला. पाठोपाठ 1865 चा वन कायदा आला. तो अपुरा वाटू लागला तेव्हा नव्या कायद्यावर जोरदार वाद पेटला. बेडन-पॉवेल नावाच्या अधिकाऱ्याचं म्हणणं, जंगलावर पूर्ण हक्क सरकारचाच. मद्रास सरकारचं म्हणणं, गावांचे जुने हक्क असे काढून घेता येणार नाहीत. ब्रँडिस मधे उभा होता. त्याने देशभर फिरताना देवराया पाहिल्या होत्या. गावं जंगल राखू शकतात, हे त्याला पटलेलं होतं. त्यामुळे मोक्याची वनं सरकारकडे ठेवा, पण सोबत गावांची स्वतःची ग्रामवनंही उभी करा, असा त्याचा आग्रह होता.

1878 चा कायदा आला. राखीव वन, संरक्षित वन आणि ग्रामवन असे तीन प्रकार त्यात होते. पहिले दोन जोरात वाढले. ग्रामवनाचं प्रकरण बहुतेक कागदावरच राहिलं. चराई, जळण, मोहफुलं या कालपर्यंतच्या रोजच्या गोष्टी. आता त्यांच्यासाठी परवानगी लागू लागली. ब्रँडिस 1883 मध्ये निवृत्त झाला. त्याच वर्षी महात्मा फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ पूर्ण केला. गायरानं आणि डोंगर गिळणाऱ्या वनखात्यावर त्यांनी त्यात कडक शब्दांत आसूड ओढलाय. एकाच वर्षातल्या या दोन घटना शेजारी ठेवून बघा. ब्रँडिसच्या नजरेतून दिसतं ते वाचलेलं जंगल. फुल्यांच्या नजरेतून दिसतो तो बाहेर काढलेला शेतकरी. दोघंही खोटं सांगत नाहीत.

मग ब्रँडिस चांगला की वाईट? मला असं एका शब्दात उत्तर देता येत नाही. नियम नसते तर व्यापाऱ्यांनी पेगू उजाड केलं असतं. पण त्याची नोकरी साम्राज्याला लाकूड पुरवण्याची होती, हेही विसरून चालणार नाही. खाचा पडल्या त्या झाडांच्या. झाडांखाली गुरं चारणाऱ्यांसाठी काडी नव्हती. आणि ग्रामवनाचा मुद्दा उचलूनही तो सरकारला हलवू शकला नाही.

निवृत्तीनंतर तो बॉनला परतला, पण स्वस्थ बसला नाही. तरुण वनाधिकाऱ्यांना घेऊन युरोपातली जंगलं तुडवली. त्याच्याकडे मार्गदर्शनासाठी आलेला गिफर्ड पिंचो पुढे अमेरिकेच्या वनसेवेचा पहिला प्रमुख झाला. ‘इंडियन ट्रीज’ हा जाडजूड ग्रंथ 1906 मध्ये पूर्ण झाला आणि पुढच्याच वर्षी ब्रँडिस गेला.

त्याचं अर्धं राहिलेलं काम नंतर कुठे दिसलं सांगू? गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावात. 2006 च्या वनहक्क कायद्याखाली 2009 मध्ये या गावाला आपल्या जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. 2011 मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवानेही ग्रामसभेच्या हातात आले. किती बांबू तोडायचा, किती राखायचा, हे आता गावाने बसून ठरवायचं. मोजणी तिथेही लागतेच. फक्त मोजणारे हात गावातले आहेत.