चित्रकार व्हायचं होतं, पण रंगच ओळखता येईनात! मग लक्ष्मणराव किर्लोस्करांनी अख्खं गावच उभं केलं

शाळेत 'आदर्श गाव'चं मॉडेल करायला सांगितलं की थर्माकोलची घरं, पुठ्ठ्याचा कारखाना आणि स्पंजची झाडं टेबलावर उभी राहतात. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी असं गाव खरोखरच्या माळरानावर वसवलं.

रंग सुटले, रेषा राहिली

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला झाला. चित्रकलेच्या ओढीने १८८५ मध्ये ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. पण आपल्याला काही रंग नीट ओळखता येत नाहीत, हे दोन वर्षांत लक्षात आलं. चित्रकाराचा रस्ता तिथेच बंद झाला.

मग ते यांत्रिक ड्रॉइंगकडे वळले. तिथे रंग लागत नाहीत, रेषा आणि माप लागतं. व्हीजेटीआयमध्ये ते हाच विषय शिकवू लागले. पुढे बढती डावलली गेली, तेव्हा नोकरी सोडून ते बेळगावला आले. थोरले बंधू रामुअण्णांसोबत त्यांनी सायकलचं दुकान चालवलं, मग कडबा कापायची यंत्रं आणि १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर बनवला.

नांगराचा ओतीव भाग करायचा तर आधी कागदावर ड्रॉइंग, मग लाकडी नमुना, मग वाळूचा साचा आणि शेवटी वितळलेलं लोखंड. नांगर तयार झाला, पण लोखंडाने जमिनीत विष भिनेल या भीतीने सुरुवातीला शेतकरी तो घेईनात.

ओसाड माळावर गाव

त्यातच शहराच्या वाढीसाठी बेळगावातली कारखान्याची जागा सोडावी लागली. तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी, जे स्वतः चित्रकार होते, मदतीला आले. त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळ ३२ एकर जमीन आणि १० हजार रुपयांचं कर्ज दिलं. जमीन म्हणजे निवडुंग आणि सापांचा माळ होता. १९१० मध्ये तिथे मुक्काम पडला आणि किर्लोस्करवाडी सुरू झाली.

इंग्लंडमध्ये तोवर साबण आणि चॉकलेटच्या कारखानदारांनी कामगारांसाठी पोर्ट सनलाइट आणि बोर्नव्हिल ही गावं वसवली होती. इथे मात्र पैसा बेताचाच होता. कारखान्याची बाजू लक्ष्मणराव बघत, वसाहतीची व्यवस्था रामुअण्णा.

मॉडेलमध्ये न दिसणारी गोष्ट

वाडीत शिवाशिव पाळायची नाही, असा नियम होता. तुरुंगवास भोगून आलेल्यांवरही राखणदारीचं काम सोपवलं गेलं. किर्लोस्करवाडीचं खरं वेगळेपण घरांच्या रांगेपेक्षा या विश्वासात होतं.

अर्थात या स्वप्नाला मर्यादाही होती. जमीन राजाच्या मर्जीने मिळालेली आणि गावाचा पोशिंदा एकच कारखाना. त्यामुळे नांगर विकला गेला तरच गाव चालणार होतं. नांगर विकला गेला. १९२० मध्ये इथूनच 'किर्लोस्कर खबर' निघालं, तेच पुढे 'किर्लोस्कर' मासिक झालं. कुंडल रोड स्टेशनलाही किर्लोस्करवाडीचंच नाव मिळालं.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव गेले. वाडी आजही आहे. पुण्याहून कापूरहोळ, सातारा, कराड करत पलूसकडे वळलं की ती लागते. तिचं मॉडेल करायचं ठरवलंत तर रेल्वे स्टेशन, कारखाना आणि घरं सहज बसतील. राखणदाराची चौकी मात्र विसरू नका.