कै. ताराबाई मोडक

मूल अडीच-तीन वर्षांचे झाले की आपण भगिनी बालवाडीच्या बाईंना आधी विचारतो, अक्षरे कधी शिकवणार? ताराबाईंचे चरित्र वाचले तर ही घाई उगाच वाटते.

१८९२ साली मुंबईत जन्मलेल्या ताराबाई बी. ए. झाल्या. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर त्यांनी बालशिक्षणाचे काम केले. १९४५ साली त्या बोर्डीला गेल्या. तिथे बालवाडी उघडली, पण गरिबांची मुले येईनात. तेव्हा बाईंनी बालवाडीच त्यांच्या वस्तीत, अंगणात नेली. तीच अंगणवाडी! पहिला धडा हातपाय धुण्याचा, नखे काढण्याचा, केस विंचरण्याचा. मग गाणी, गोष्टी. मोजायला खडे, पाने, बिया. विकतचे साहित्य कुठून आणणार? बिया वेचता वेचता इवली बोटे वळू लागतात, हे आपल्याला घरी धान्य निवडतानाही दिसते. पाटी-पेन्सिल त्यानंतर.

१९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. अनुताई वाघ सोबत होत्याच. आदिवासी मुले गुरे राखीत, म्हणून शाळाही कुरणात भरली.

१९६२ साली बाईंना पद्मभूषण मिळाले. १९७३ साली त्या निवर्तल्या. दोनच वर्षांनी सरकारने बालविकास योजना काढली, आणि आज आपल्या नाशकातही पाटीवर अंगणवाडी हाच शब्द आहे.