गाठींचा माग काढणारे डॉ. हॉजकिन

मानेतील गाठीची बायोप्सी होते आणि अहवालात ‘हॉजकिन्स लिम्फोमा’ हे शब्द उमटतात. रुग्णाच्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही. लसिका ग्रंथींच्या या कर्करोगाला ज्यांचे नाव मिळाले, त्या डॉ. थॉमस हॉजकिन यांनी आपल्या रुग्णांच्या या गाठी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याच नव्हत्या, हे मात्र फारसे कोणाला ठाऊक नसते.

हॉजकिन यांचा जन्म १७ ऑगस्ट १७९८ रोजी लंडनजवळील पेंटनव्हिल येथे एका क्वेकर कुटुंबात झाला. साधी राहणी, युद्धाला आणि गुलामगिरीला विरोध हे या पंथाचे संस्कार त्यांच्यात आयुष्यभर टिकले. एडिंबरो येथे १८२३ मध्ये त्यांनी वैद्यकीची पदवी घेतली. त्याआधी पॅरिसला लेनेक यांच्याकडे ते स्टेथोस्कोप वापरायला शिकले होते. लंडनच्या गाय्ज रुग्णालयात हे उपकरण आणले तेही त्यांनीच. त्या वेळी तेथील बुजुर्ग डॉक्टरांनी या लाकडी नळीला फारसे महत्त्व दिले नाही.

याच रुग्णालयात त्यांच्याकडे शवविच्छेदनाचे आणि संग्रहालयाचे काम आले. उपचार करणाऱ्यांची कीर्ती होते, मृतदेह तपासणाऱ्याची होत नाही. हॉजकिन यांनी मात्र हे काम निष्ठेने केले. विकृत अवयवांचे नमुने जमवून, त्यांची नोंद ठेवून त्यांनी १८२९ मध्ये संग्रहालयाची सूची प्रसिद्ध केली.

या कामातूनच त्यांच्या लक्षात आले, की काही मृतदेहांत लसिका ग्रंथी आणि प्लीहा विलक्षण वाढलेली असते. पण ती क्षयाने किंवा अन्य दाहाने वाढली असावी असे दिसत नाही. आजार मुळात ग्रंथींचाच असावा, असे त्यांचे अनुमान होते. अशा सात रुग्णांवरील त्यांचा निबंध जानेवारी १८३२ मध्ये लंडनच्या वैद्यकीय व शल्यक्रिया सभेत वाचण्यात आला. ते सभेचे सदस्य नसल्याने चिटणिसांनी तो वाचला. सातवा रुग्ण तर त्यांनी प्रत्यक्ष पाहिलाही नव्हता. रॉबर्ट कार्सवेल या डॉक्टर-चित्रकाराने काढलेले चित्रच त्यांच्यापुढे होते. निबंधाकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही.

सूक्ष्मदर्शक त्यांना अपरिचित होता, असे नव्हे. १८२७ मध्ये जोसेफ जॅक्सन लिस्टर या मद्यव्यापाऱ्यासोबत त्यांनी सुधारित भिंगांतून रक्त पाहिले होते. (जंतुविरहित शस्त्रक्रियेचे जनक जोसेफ लिस्टर हे याच व्यापाऱ्याचे चिरंजीव, त्यांचा जन्मही त्याच वर्षीचा.) तांबड्या पेशी दोन्ही बाजूंनी खोलगट असतात आणि नाण्यांच्या चळतीसारख्या एकमेकींना चिकटतात, हे या दोघांनी दाखवून दिले. मात्र ग्रंथीचे पातळ काप घेऊन ते रंगवण्याचे तंत्र तेव्हा नव्हते. हॉजकिन यांच्या हाती होते ते फक्त डोळे आणि सुरी.

१८३७ मध्ये रुग्णालयात सहायक चिकित्सकाची जागा रिकामी झाली. पात्रता होती, अनुभव होता. तरीही ती दुसऱ्याला मिळाली. रुग्णालयाचे सर्वाधिकारी कोषाध्यक्ष बेंजामिन हॅरिसन हे हडसन बे कंपनीच्या कारभारातही होते आणि उत्तर अमेरिकेतील मूळ रहिवाशांना ही कंपनी देत असलेल्या वागणुकीवर हॉजकिन यांनी उघड टीका केली होती. त्याची ही किंमत होती, असे त्यांचे चरित्रकार मानतात. हॉजकिन यांनी राजीनामा दिला. त्याच वर्षी मूळ रहिवाशांच्या हक्कांसाठी संस्था स्थापण्यात त्यांनी पुढाकार घेतला. खासगी व्यवसाय त्यांना कधी जमला नाही. रुग्णाकडे पैसे मागणे त्यांना अवघड जाई.

गाय्जमधीलच सॅम्युएल विल्क्स यांना पुढे हाच आजार स्वतंत्रपणे आढळला. आपल्या आधी हॉजकिन येथे पोहोचले होते, हे समजताच त्यांनी श्रेय मोकळेपणाने दिले आणि १८६५ मध्ये आजाराला हॉजकिन यांचे नाव दिले. हा प्रामाणिकपणा वैद्यकाच्या इतिहासात नेहमीच दिसतो असे नाही. पुढच्याच वर्षी, एप्रिल १८६६ मध्ये, मित्र मोझेस मॉन्टेफिओरी यांच्यासोबत पॅलेस्टाइनच्या प्रवासात असताना आमांशाने हॉजकिन यांचे जाफा येथे निधन झाले. मॉन्टेफिओरी यांनी त्यांच्या कबरीवर स्तंभ उभारला.

आजाराची खूण पटली ती नंतर. १८९८ मध्ये व्हिएन्नात कार्ल स्टर्नबर्ग यांनी आणि १९०२ मध्ये बाल्टिमोर येथे डोरोथी रीड यांनी त्या विशिष्ट पेशीचे वर्णन केले. आकाराने मोठी, बहुधा दोन केंद्रके असलेली ही पेशी घुबडाच्या डोळ्यांसारखी टवकारून पाहते. गाठीत अशा पेशी मोजक्याच असतात. बाकी गर्दी साध्या पेशींची. त्यामुळे तपासणाऱ्याला त्या शोधाव्या लागतात. स्टर्नबर्ग यांना हा क्षयाचाच प्रकार वाटला होता, रीड यांनी तो वेगळा ठरवला. मानेतील गाठ म्हणजे क्षयच, असे गृहीत धरून बायोप्सीविना औषधे सुरू करण्याचे प्रकार आपल्याकडेही घडतात आणि त्यात मोलाचे महिने जातात. वेळेत निदान झाले तर आज यातील बहुतांश रुग्ण बरे होतात.

हॉजकिन यांनी जतन केलेले काही नमुने गाय्जच्या संग्रहालयात शाबूत होते. १९२६ मध्ये त्यांचे काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवण्यात आले. सातही रुग्ण या आजाराचे नव्हते, असे आज मानले जाते. पण नव्वदहून अधिक वर्षे द्रवात पडून असलेल्या त्या ग्रंथींमध्ये घुबडाचे डोळे असलेल्या पेशी दिसल्या.