लुसी विल्स : गुलाबी गोळीमागची बाई



आठवड्याच्या ठरलेल्या दिवशी आपण मुलांना गुलाबी गोळी देतो. लोह आणि फॉलिक ॲसिडची. गोळी खाल्ली का, तोंड उघडून दाखव, एवढं आपण बघतो. पण त्यातलं फॉलिक ॲसिड सापडण्याची वाट आपल्या मुंबईतून, परळमधून गेली, हे तुम्हाला माहीत आहे का?

लुसी विल्स यांचा जन्म १० मे १८८८ रोजी इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमजवळ झाला. केंब्रिजला त्या वनस्पतिशास्त्र आणि भूशास्त्र शिकल्या. १९११ मध्ये परीक्षा पास झाल्या, पण तेव्हा तिथे मुलींना पदवीच देत नसत! नंतर लंडनला जाऊन त्या डॉक्टर झाल्या, १९२० मध्ये.

१९२८ मध्ये त्या मुंबईत हाफकिन संस्थेत आल्या. गिरण्यांत काम करणाऱ्या गरीब बायका गरोदरपणात पांढऱ्याफटक पडायच्या, कित्येक दगावायच्या. आपल्या जुन्नर-आंबेगावातूनही पोटासाठी मुंबई गाठणारी घरं काही कमी नव्हती, त्यामुळे हे वाचताना परकं वाटत नाही. लुसीबाईंनी या बायका रोज काय खातात ते विचारलं. जिथे पालेभाजी, फळं, दूध कमी, तिथे आजार जास्त, असं दिसलं.

मग तेच जेवण त्यांनी उंदरांना दिलं. उंदीर आजारी पडले. झालं, कारण सापडलं असं वाटलं; पण पुढे कळलं की उंदरांच्या अंगावरच्या उवांमधून पसरणारा जंतूही त्यात होता. प्रयोग फसला असं मुलांना सांगायला आपण कचरतो. मला तर हा भाग वर्गात आवर्जून सांगावासा वाटतो. बाईंनी काम सोडलं नाही, त्या माकडांकडे वळल्या. बिअर करताना उरणाऱ्या यीस्टपासून बनणारं मार्माइट नावाचं स्वस्त चाटण दिल्यावर माकडं सुधारली. बायकांनाही तेच दिलं, रक्त भरू लागलं. १९३१ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. यीस्टमधल्या त्या अनोळखी पदार्थाला लोक विल्स फॅक्टर म्हणू लागले. १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून तो वेगळा काढला गेला, म्हणून पान या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून फॉलिक ॲसिड हे नाव. १९४५ मध्ये अमेरिकेत आपल्या यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूने तो प्रयोगशाळेत तयार केला.

लुसीबाईंच्या कामातली एक गोष्ट आज घरातल्या म्हाताऱ्या माणसांसाठी फार महत्त्वाची आहे. यकृताचा शुद्ध केलेला अर्क दुसऱ्या एका पांडुरोगावर चालायचा, पण मुंबईच्या या बायकांना त्याचा उपयोग होत नव्हता. म्हणजे कमतरता दोन वेगळ्या होत्या. दुसरी होती बी-१२ ची, ते १९४८ मध्ये हाती आलं. बी-१२ कमी असताना नुसतं फॉलिक ॲसिड दिलं तर रक्त सुधारलेलं दिसतं, पण नसांचं नुकसान आत चालूच राहतं. पायाला मुंग्या येतात, तोल जातो, विसरायला होतं. दोन्ही कमी पडली की रक्तात होमोसिस्टीन वाढतं. ते वाढलेलं असलं की रक्तवाहिन्यांना इजा आणि सूज यांचा धोका जास्त आढळतो.

पुण्याजवळच्या खेड्यांत झालेल्या अभ्यासात दोन तृतीयांश गरोदर बायकांमध्ये बी-१२ कमी आढळलं होतं. माळकरी घरातल्या, दूधही जेमतेम घेणाऱ्या आजीचं काय होत असेल, विचार करा. शिवाय वयानुसार पोटात ते नीट शोषलं जात नाही. साखरेची मेटफॉर्मिन गोळी आणि ॲसिडिटीच्या काही गोळ्या वर्षानुवर्षे घेतल्या तरीही ते घटतं.

माझ्या वर्गातल्या एका मुलाची आजी त्याला न्यायला यायची आणि परतीची वाट विसरायची. घरचे म्हातारचळ म्हणून सोडून देत होते. मी डॉक्टरांना दाखवा म्हटलं. रक्तात बी-१२ खूपच कमी निघालं. इंजेक्शनं सुरू झाली. सगळा विसराळूपणा त्याने जात नाही, अल्झायमर असेल तर बी-१२ ने तो बरा होत नाही. आजी पूर्वीसारखी झाली नाही, नावं अजून चुकते. पण वाट चुकत नाही.

लुसीबाईंनी लग्न केलं नाही, सायकलवरून दवाखान्यात जायच्या. १६ एप्रिल १९६४ ला त्या गेल्या. पुढच्या वेळी गोळ्या वाटताना मुलांना परळचं आणि त्या माकडांचं सांगा. आणि घरी आजी-आजोबा विसरतात का, तेही विचारा.