विश्लेषण : मूल वाचायला शिकते ते आधी बोलून! ताराबाई मोडक यांच्या अंगणवाडीने काय दाखवले?

पहिलीतले मूल अक्षरे जोडत ओळ वाचून दाखवते. पण काय वाचले, हे त्याला सांगता येत नाही. गोंदिया जिल्ह्यात ही अडचण समजून घ्यायची, तर आधी घरची भाषा पाहावी लागते. देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगाव या तालुक्यांत गोंडी बोलणारी कुटुंबे आहेत. इतरत्र पोवारी, तर सीमेलगत छत्तीसगढी आणि हिंदी कानावर पडते. पाठ्यपुस्तक मात्र प्रमाण मराठीत. यावर उपाय काय? त्याचा एक धागा ताराबाई मोडक यांच्या आयुष्यात सापडतो.

कोण होत्या ताराबाई मोडक?

१८९२ मध्ये प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते सदाशिवराव केळकर यांच्या घरी ताराबाईंचा जन्म झाला. १९१४ मध्ये त्या बी. ए. झाल्या. वकील कृष्णराव मोडक यांच्याशी विवाह झाल्यावर त्या अमरावतीत राहिल्या. हा संसार टिकला नाही. लहान मुलगी सोबत घेऊन त्या राजकोटला गेल्या आणि तेथील बार्टन महिला अध्यापन महाविद्यालयाच्या प्राचार्या झाल्या. पण १९२३ मध्ये ती प्रतिष्ठेची नोकरी सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याकडे बालशिक्षणाच्या प्रयोगात सामील झाल्या.

भावनगरमध्ये काय घडले?

मारिया माँटेसरी यांची पद्धत भारतीय मुलांसाठी वळवून घेण्याचे काम तेथे सुरू होते. गोष्टी, बडबडगीते, नाटुकली आणि मोकळे बोलणे यांना तेथे अभ्यासाइतकेच स्थान होते. मराठी घरात वाढलेल्या ताराबाईंनी हे काम गुजरातीत केले, ‘शिक्षणपत्रिका’ संपादित केली आणि पुढे ती मराठीतही आणली. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. १९३६ मध्ये दादरला शिशुविहार सुरू झाले.

‘अंगणवाडी’ कशी जन्मली?

शहरातले प्रयोग गरिबांच्या मुलांपर्यंत पोहोचत नाहीत, हे जाणवल्यावर १९४५ मध्ये ताराबाई आजच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डीला गेल्या. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. वस्तीतली मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर वारली आदिवासींमध्ये गेले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा भरली. महागड्या साधनांऐवजी शिंपले, बिया, पाने, खडे वापरले गेले. मुलाच्या हाताला आणि तोंडाला ओळखीचे जे होते, तिथूनच शिकणे सुरू झाले. १९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळाले. १९७३ मध्ये त्यांचे निधन झाले. दोनच वर्षांनी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेत ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर गेला.

बोलण्याचा वाचनाशी संबंध काय?

१९८६ मध्ये गॉफ आणि टनमर या अभ्यासकांनी वाचनाचे सोपे सूत्र मांडले : अक्षरे उलगडण्याचे कौशल्य गुणिले ऐकून समजण्याची क्षमता म्हणजे वाचनाचे आकलन. इथे बेरीज नाही, गुणाकार आहे. अक्षरओळख पक्की असली तरी भाषा शून्य समजत असेल, तर उत्तर शून्यच. गोष्टी ऐकून आणि गप्पा मारून शब्दसंग्रह वाढतो. यमकांच्या गाण्यांतून शब्दांतले आवाज वेगळे ऐकू येऊ लागतात. अक्षर आणि उच्चार यांची जोडी लावताना हाच सराव कामी येतो. हे सूत्र येण्याच्या कितीतरी आधी ताराबाईंच्या वर्गात गाणी आणि गोष्टी अक्षरांच्या आधी येत होत्या.

गोंदियासाठी याचा अर्थ काय?

पोवारी मराठीच्या नात्यातली भाषा आहे. गोंडी मात्र द्राविडी कुळातली. गोंडीत पाण्याला ‘येर’ म्हणतात. त्यामुळे गोंडी घरातल्या मुलासाठी पुस्तकातील मराठी ही बऱ्याच अंशी नवी भाषाच असते. २०२० चे राष्ट्रीय शिक्षण धोरण शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवण्याचा आग्रह धरते. २०२१ मध्ये सुरू झालेले ‘निपुण भारत’ अभियान समजून वाचण्यावर भर देते. गावची भाषा जाणणारी अंगणवाडी सेविका हा यातला पहिला दुवा ठरू शकतो. तिने गोंडीत गोष्ट सांगितली, मुलांना त्यावर बोलू दिले आणि मग तीच गोष्ट मराठीत आणली, तर मूल ओळखीच्या अर्थावरून नव्या शब्दाकडे जाते. उलट पाटी-पेन्सिलीची घाई झाली, तर अक्षरे येतात, पण अर्थ मागे राहतो.