पिअर क्यूरी आणि क्वार्ट्झचें घड्याळ

क्वार्ट्झचें घड्याळ बंद पडलें, कीं घड्याळजी पाठीमागचें झांकण उघडून प्रथम सेल तपासतो. संपलेला सेल घड्याळांत तसाच राहूं दिल्यास त्यांतील क्षार पाझरून आंतील नाजुक जोडणी खराब होते, हेंही तो बजावून सांगतो. त्याच घड्याळांत धातूच्या इवल्याशा नळींत बंद केलेला एक स्फटिक असतो. त्यास मात्र सहसा हात लावावा लागत नाहीं. ह्या स्फटिकाचा गुण ज्या दोघां बंधूंनीं जगापुढें आणिला, त्यांतील धाकटे पिअर क्यूरी ह्यांचें हें अल्प चरित्र.

पिअर ह्यांचा जन्म १५ मे १८५९ रोजीं पॅरिस शहरीं झाला. वडील डॉक्टर होते. मुलाचें मन एका विषयांत गढलें कीं सहजासहजीं दुसऱ्याकडे वळत नाहीं, हें ओळखून त्यांनीं त्यास शाळेंत घातलेंच नाहीं, घरींच शिकविलें. (हा दाखला आईबापांपुढें मांडूं इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांनीं एवढें ध्यानांत ठेवावें कीं, ह्या मुलानें अठराव्या वर्षीं विज्ञानाची पदवी मिळविली होती.)

पुढें पॅरिस येथील सोर्बोनच्या प्रयोगशाळेंत साहाय्यक असतां, १८८० सालीं पिअर व थोरले बंधु झाक ह्यांनीं असें दाखविलें कीं, क्वार्ट्झसारखा स्फटिक विशिष्ट दिशेनें दाबला असतां त्याच्या पृष्ठभागावर विद्युत् उत्पन्न होते. ह्याच्या उलटही घडलें पाहिजे, असें लिपमन ह्या शास्त्रज्ञांनीं १८८१ मध्यें गणितावरून सुचविलें, आणि त्याच वर्षीं दोघां बंधूंनीं तें प्रयोगानें सिद्ध केलें. विद्युत् दिली कीं स्फटिक किंचित् आकसतो वा ताणतो. आजच्या घड्याळाचें मर्म हेंच. सेलच्या विद्युतेनें त्यांतील स्फटिक दर सेकंदास ३२,७६८ वेळां कंप पावतो. ही संख्या पंधरा वेळां निमी करून पहावी; शेवटीं एक उरतो! घड्याळांतील विद्युन्मंडल हेंच गणित करून चिमुकल्या मोटरीस सेकंदाला एक धक्का देतें, आणि कांटा पुढें सरकतो.

क्यूरीबंधूंच्या मनांत घड्याळ नव्हतें. त्यांनीं स्फटिकाच्या पातळ पट्टीस वजन लावून अतिसूक्ष्म विद्युत् मोजण्याचें यंत्र तयार केलें. १८९५ मध्यें पिअर ह्यांचा विवाह मारी स्क्लोडोव्स्का ह्यांच्याशीं झाला. युरेनियमच्या किरणांमुळें हवेंतून वाहणारा क्षीण प्रवाह मारी ह्यांनीं ह्याच यंत्रानें मोजला. तेव्हां आपलें स्फटिकांचें संशोधन बाजूस ठेवून पिअर पत्नीच्या कामांत सामील झाले. १८९८ सालीं पोलोनियम व रेडियम ह्यांचा शोध लागला. १९०३ मध्यें उभयतांस बेकेरेल ह्यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळालें. रेडियम काढण्याच्या कृतीचें पेटंट त्यांनीं घेतलें नाहीं. सरकारी मानचिन्ह देऊं केलें असतां पिअर ह्यांनीं तें नाकारलें व आपणांस प्रयोगशाळा हवी असल्याचें कळविलें. रेडियमचें काम त्यांनीं गळक्या छपराच्या शेडमध्यें केलें होतें! मनाजोगती प्रयोगशाळा त्यांस अखेरपर्यंत लाभली नाहीं.

१९ एप्रिल १९०६ रोजीं पॅरिसमध्यें पाऊस पडत होता. रस्ता ओलांडतांना पिअर घोड्यांच्या मालगाडीखालीं सांपडून जागींच मृत्यु पावले. वय अवघें शेचाळीस.

क्वार्ट्झचें पहिलें घड्याळ १९२७ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत तयार झालें. तेव्हां झाक हयात होते. ते १९४१ मध्यें वारले. तें पहिलें घड्याळ मनगटावर बांधण्याजोगें मुळींच नव्हतें. क्वार्ट्झचें मनगटी घड्याळ जपानांत विक्रीस आलें, तें २५ डिसेंबर १९६९ रोजीं.