लेसवाली झेली

आमच्या बचत गटाची बैठक दर गुरुवारी असते. बायका आठवडाभरात शिवलेल्या गोधड्या, भरतकामाचे कुर्ते घेऊन येतात. मी आणि आमच्या सचिवबाई एकेक नग उलटापालटा करून बघतो, वहीत मांडतो, पुढचं काम देतो. एका गुरुवारी गावातल्या मिशनच्या दवाखान्यातल्या सिस्टर आमच्याकडे आल्या होत्या. बराच वेळ कौतुकानं बघत बसल्या आणि जाता जाता म्हणाल्या, की अशीच गुरुवारची बैठक घेणारी एक बाई आमच्यात संत झाली आहे. मला वाटलं, थट्टा करताहेत. संत म्हणजे घरदार सोडलेली माणसं अशीच आपली समजूत. आपली जनाबाई दळताकांडता संत झाली हे खरं, पण तिच्यामागे नऊ बाळंतपणं आणि घरचा धंदा नव्हता ना!

सिस्टरांनी पुढच्या खेपेला त्या बाईच्या पत्रांचं जाडजूड इंग्रजी पुस्तक आणून दिलं. दुपारची कामं आटोपली की मी ते वाचत असे. त्या बाईचं नाव झेली मार्टिन. वसई आणि गोव्याकडच्या ख्रिस्ती घरांत गुलाबाची फुलं हातात धरलेल्या एका तरुण ननचा फोटो तुम्ही पाहिला असेल. ती लिझ्यूची संत तेरेजा, सगळ्यांची लाडकी ‘लिटल फ्लॉवर’. झेली ही तिची आई.

झेलीचा जन्म २३ डिसेंबर १८३१ चा, फ्रान्समधल्या नॉर्मंडी भागातला. वडील आधी सैन्यात आणि मग पोलिसात. आई कडक शिस्तीची. लाड हा शब्द त्या घरात नव्हताच. साधी बाहुलीसुद्धा कधी मिळाली नाही, हे झेलीनं मोठेपणी भावाला कळवलं आहे. १८४४ मध्ये हे कुटुंब आलाँसों या गावी राहायला आलं. झेलीला नन होऊन रुग्णसेवा करायची होती. ती मठात विचारायला गेली, पण तिथल्या प्रमुख बाईंनी तिला घेतलं नाही. मोठी बहीण मात्र पुढे नन झाली.

नन होता येत नाही म्हटल्यावर पोटापाण्याचं बघायला हवं होतं. आलाँसों हे लेससाठी प्रसिद्ध गाव. १६६५ मध्ये तिथे राजाश्रयानं लेसचा कारखाना निघाला होता. आपण बाजारातून मीटरवर आणतो ती लेस नव्हे हं! ही नुसत्या सुईनं आणि बारीक दोऱ्यानं करायची. चर्मपत्रावर नक्षी टोचून घ्यायची, तिच्या कडेनं दोरा बसवायचा, मधली जाळी भरायची, फुलापानांचे टाके घालायचे, मग सगळी लेस पात्यानं अलगद सोडवायची आणि शेवटी शेवंडीच्या नांगीनं घासून तिला चकाकी आणायची. एक चौरस सेंटिमीटर लेस करायला सुमारे सात तास लागतात. एवढीशी, बोटाच्या नखाएवढी! २०१० मध्ये युनेस्कोनं या कलेला मानवजातीचा अमूर्त वारसा म्हणून मान्यता दिली.

झेली ते काम शिकली आणि १८५३ च्या अखेरीस, म्हणजे बाविसाव्या वर्षी, बहिणीच्या मदतीनं तिनं स्वतःचा धंदा सुरू केला. बायका आपापल्या घरी तुकडे करायच्या आणि गुरुवारी तिच्याकडे आणून द्यायच्या. ती ते तपासायची, पुढचं काम आणि दोरा द्यायची. सगळ्यात कठीण काम होतं तुकडे एकमेकांना जोडायचं, कारण जोड दिसता कामा नये. ते ती स्वतः करायची. खिडकीशी बसून, उजेड असेतो.

१८५८ मध्ये गावातल्या पुलावर तिला लुई मार्टिन दिसला. तो घड्याळजी. त्यालाही तरुणपणी मठात जायचं होतं, पण लॅटिन येत नसल्यामुळे परत पाठवलेला. तीन महिन्यांत दोघांचं लग्न झालं, तेही तिथल्या रीतीप्रमाणे मध्यरात्री. आधी दहा महिने दोघं भावाबहिणीसारखी राहिली. मग त्यांच्या धर्मगुरूंनी समजावलं आणि पाळणा हलू लागला तो हलतच राहिला. १८६० ते १८७३ या तेरा वर्षांत नऊ बाळंतपणं. लुईचं मला विशेष वाटतं ते असं, की १८७० मध्ये त्यानं आपलं घड्याळाचं दुकान भाच्याला दिलं आणि बायकोच्या धंद्यात हात द्यायला लागला. ऑर्डरी आणणं, हिशेब, प्रवास हे सगळं त्यानं पाहिलं. दीडशे वर्षांपूर्वी हं! आमच्या गटातल्या किती जणींचे नवरे त्यांच्या गोधड्या एसटीनं तालुक्याला पोचवून येतात, ते मी इथे लिहीत नाही.

नऊंपैकी चार मुलं गेली. १८६७ मध्ये एक मुलगा, १८६८ मध्ये दुसरा. १८७० च्या फेब्रुवारीत पाच वर्षांची हेलेन आणि त्याच साली ऑक्टोबरात जेमतेम दोन महिन्यांची तान्ही. ही तान्ही कशानं गेली? झेलीला पुढच्या मुलांना अंगावर पाजता येईना, म्हणून दूध पाजणारी बाई लावली होती. त्या बाईनं पोर उपाशी ठेवलं. हे कळलं तेव्हा उशीर झाला होता. ती पानं मी दोनदा वाचली. घरात जाळीचे तुकडे जोडले जात होते, ऑर्डरीची मुदत जवळ येत होती आणि मधूनमधून घरातून एक छोटी शवपेटी बाहेर जात होती. लोक समजूत घालायचे, की यापेक्षा मुलं झालीच नसती तर बरं. झेलीला ते बोलणं मुळीच पटत नसे. तिच्या श्रद्धेप्रमाणे मुलं देवाघरी सुखात होती आणि पुन्हा भेटणार होती. आपल्याला हे पटो न पटो, तिनं त्या विश्वासावर दिवस रेटले एवढं खरं.

शेवटची तेरेजा २ जानेवारी १८७३ ला झाली आणि दोन महिन्यांत तीही मरायला टेकली. लुई गावाला गेलेला. झेली पहाटे एकटी पायी निघाली आणि दुसऱ्या खेड्यातल्या रोझ नावाच्या शेतकरणीला घेऊन आली. रोझनं पोरीला बघून मान हलवली, पण पदराखाली घेतलं. पोर दूध प्याली आणि निपचित पडली. झेलीला वाटलं, संपलं. थोड्या वेळानं पोरीनं डोळे उघडले आणि हसली. वर्षभर ती रोझच्या शेतावरच वाढली.

आता जे सांगायचं म्हणून मी हा लेख लिहायला घेतला ते सांगते. १८६५ च्या एप्रिलमध्ये झेलीनं भावाला एक पत्र लिहिलं. भाऊ तेव्हा पॅरिसला औषधशास्त्र शिकत होता. छातीत एक गाठ आहे, लहानपणी टेबलाचा कोपरा लागला होता तिथेच, त्याचं काय करावं, ऑपरेशन होईल का, असं तिनं विचारलं होतं. नवऱ्यालाही काळजी लागली होती. म्हणजे तिनं लपवलं नाही, दुर्लक्ष केलं नाही. विचारलं! पण त्यातून काही निघालं नाही. तो काळही तसाच. जखमेत विष होऊ नये म्हणून काय करायचं ते लिस्टरनं १८६७ मध्ये सांगितलं, त्याआधी ऑपरेशन म्हणजे जिवाशी खेळ. गाठ फारशी दुखत नव्हती. पुढचं बाळंतपण आलं, ऑर्डर आली, आजारपण आलं, मरण आलं, युद्ध आलं. अकरा वर्षं गेली.

आम्ही गेल्या हिवाळ्यात बायकांसाठी तपासणी शिबिर घेतलं. एक बाई तपासून झाल्यावर निघताना दाराशी घुटमळली आणि मला हळूच म्हणाली, की एक गाठ आहे, दोन वर्षं झाली, पण दुखत नाही. डॉक्टरबाईंना सांगितलं का म्हटलं, तर नाही. का नाही? तर दुखत नाही ना! न दुखणारी गाठच आधी दाखवायची असते, हे डॉक्टरबाईंनी सकाळीच माइकवर सांगितलं होतं. ते तिनं ऐकलं होतं. पण मुलीचं लग्न होतं, मग सासूचं फ्रॅक्चर, मग सोयाबीन. मी तिचा हात धरून तिला परत आत नेलं. तेव्हा माझ्या डोक्यात झेलीच होती.

झेलीच्या कामाबद्दल आणखी लिहायला हवं. ती पहाटे साडेपाचच्या मिस्साला जायची, कारण गरिबांना तीच वेळ सोयीची. आजारी पडलेल्या कामकरणींना रविवारी घरी जाऊन भेटायची. कितीही नड असली तरी रविवारी काम नाही. घरातली मोलकरीण आजारी पडली तर तिच्या उशाशी रात्र रात्र बसायची. १८७५ मध्ये तिला गावात एक आठ वर्षांची मुलगी आढळली. ननचे कपडे घालून फिरणाऱ्या दोन बायकांनी तिला शिकवायला म्हणून ठेवून घेतलं होतं आणि त्या तिला उपाशी ठेवत. झेलीनं आधी मुलीला खायला घातलं आणि मग सरळ पोलीस अधिकाऱ्याकडे गेली. त्या बायकांनी मुलीला धमकावलं, आरडाओरड केली, पण झेली हटली नाही. मुलगी सुटली.

आणि याच झेलीच्या स्वतःच्या घरात काय चाललं होतं बघा. तिसरी मुलगी लेओनी. अंगावर इसब, अभ्यासात मागे, हट्टी, शाळेनं परत पाठवलेली. झेलीला सगळ्यात जास्त घोर हिचाच. पण ही पोर घरातल्या एका मोलकरणीचं मात्र निमूट ऐकायची. सगळ्यांना वाटायचं, तिला हातोटी साधली आहे. १८७७ मध्ये थोरल्या मेरीच्या लक्षात आलं, की ती मोलकरीण लेओनीला गुपचूप मारते, धमकावते, आईशी बोलूसुद्धा देत नाही. तेरा वर्षांची मुलगी, त्याच छपराखाली! दुसऱ्याच्या लेकीसाठी पोलिसांत गेलेल्या बाईला आपल्या लेकीचं कळलं नाही. हे झेलीनं स्वतः लिहून ठेवलं आहे, त्यात सारवासारव नाही. तिला संत करणाऱ्यांनीही ते झाकलं नाही, हे मला आवडलं. मोलकरणीला काढायचं ठरलं, पण झेलीच्या आजारपणात ती राहिली आणि नंतर गेली. त्यानंतर लेओनी आईला अशी बिलगली, की दूर व्हायला तयार नसे. दोघींना मिळाले ते मोजके महिने.

कारण गाठ आता वाढली होती. डिसेंबर १८७६ मध्ये डॉक्टरनं गंभीर आहे असं सांगून औषध लिहून दिलं. त्याचा काय उपयोग, म्हणून तिनं विचारलं, तेव्हा रोग्याच्या समाधानासाठी देतो, असं त्यानं कबूल केलं. भाऊ आता लिझ्यूला औषधांचं दुकान चालवत होता. त्यानं तिथल्या नावाजलेल्या सर्जनला दाखवलं. तो म्हणाला, ऑपरेशनची वेळ टळून गेली. हे ऐकून ती घरी आली आणि लेस जोडायला बसली. फेब्रुवारीत नन बहीण क्षयानं गेली. जूनमध्ये तिघी मुलींना घेऊन झेली लूर्दला गेली. लांबचा रेल्वे प्रवास, त्यात असह्य वेदना. तिथल्या थंडगार पाण्यात उतरली. काही झालं नाही. मुली हिरमुसल्या, पण ती परतली ती हसत, घरच्यांना वाईट वाटू नये म्हणून. २८ ऑगस्ट १८७७ ला ती गेली. वय पंचेचाळीस.

पुढचं थोडक्यात. लुई पाची मुलींना घेऊन लिझ्यूला मेव्हण्याच्या गावी राहायला गेला. पाचही जणी नन झाल्या. त्याची स्वतःची अखेर मात्र कष्टात गेली. तीन वर्षं मनोरुग्णालयात, मग १८९४ मध्ये मृत्यू. १९२५ मध्ये तेरेजा संत झाली आणि तिच्यामुळे जग तिच्या आईबापांची पत्रं वाचू लागलं. १८ ऑक्टोबर २०१५ ला पोप फ्रान्सिस यांनी झेली आणि लुई यांना एकत्र संत म्हणून जाहीर केलं. चर्चच्या इतिहासात जोडप्याला जोडप्यानं हा मान मिळाला तो पहिल्यांदाच. संसार, मुलं, हिशेबाची वही हाही देवाकडे जायचा रस्ता आहे, असं चर्चनं म्हटलं, म्हणून सिस्टरांना फार आनंद. मलाही झाला. पण मी त्यांना म्हटलं, अकरा वर्षं मागे ठेवलेल्या त्या गाठीची कुणी पूजा करू नये बरं का. सिस्टर नर्स आहेत. त्या म्हणाल्या, म्हणूनच तर शिबिराला मी तुमच्याकडे येते.

पोरींमध्ये नेहमी अडून बसणारी लेओनी तीनदा मठातून परत आली आणि चौथ्यांदा, १८९९ मध्ये, आत टिकली. १९४१ पर्यंत जगली. धाकटी तेरेजा आई गेली तेव्हा साडेचार वर्षांची होती. सगळे गडबडीत, तिच्याकडे लक्ष द्यायला कुणी नव्हतं. व्हरांड्यात शवपेटीचं झाकण भिंतीला टेकवून उभं केलं होतं. तिनं शवपेटी पूर्वी पाहिली नव्हती, पण ते काय आहे हे तिला समजलं. झाकण इतकं उंच, की टोक बघायला तिला मान वर करावी लागली. हे तिनं पुढे मोठेपणी आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवलं आहे.